कोणता डॉल्फिन कुठं चढतो

नाथाअण्णा कुशारे एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या नोकरीचा मोठा काळ नाशिक–नामपूर या एकाच गाडीवर गेला. इतकी वर्षं त्याच रस्त्यानं जाऊन-येऊन माणूस विटून जाईल, असं आपल्याला वाटतं. अण्णा विटले नाहीत, कारण त्यांना रस्त्याशी काही घेणंदेणंच नव्हतं. त्यांना हौस माणसांची. बाहेर अंधार असो, काचा चिखलानं भरलेल्या असोत, गाडी कुठं आली हे बघायला त्यांना कधी खिडकीकडं वळावं लागलं नाही. कोण चढलं यावरून ते सांगायचे. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया पिशवीत कात्र्या घेऊन, द्राक्षबागेतल्या कामानं काळवंडलेल्या बोटांनी दांडा धरून चढल्या की पिंपळगाव. डाळिंबाच्या भावावरून कुणी तणतणत आत शिरलं की देवळा. आणि ‘जागा शे का भो?’ असं अहिराणी कानावर पडलं की सटाणा आलं, आता नामपूरपर्यंत कांद्याशिवाय दुसरा विषय नाही. ड्रायव्हर रावजी मुद्दाम आरशातून विचारायचा, “कुठं आलो रे नाथा?” अण्णा तिकिटावरून मान वर न करता थांबा सांगायचे, आणि तो कधी चुकायचा नाही.

असा हा गाडीत अखंड बोलणारा माणूस नाशिकच्या हिरावाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत पाऊल टाकलं की मुका व्हायचा. पुष्कळ पुरुषांचं असंच असतं, जगाशी बोलून झालं की घरच्यांसाठी शब्द उरत नाहीत. अण्णांच्या बाबतीत ते खपून गेलं, कारण त्यांची बायको मंगल दोघांच्या वाटचं बोलायची. मुलगा रोहित मर्चंट नेव्हीत लागला. मालवाहू जहाजावर डेकवरचा खलाशी. दोरखंड, रंगकाम, आणि आळीपाळीनं वर उभं राहून समुद्रावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. त्याचा फोन आला आणि चुकून अण्णांनी उचलला तर संभाषण ठरलेलं असायचं.

“जेवला का?”

“जेवलो.”

“बरं. थांब, आईला देतो.”

मग मंगल खिडकीशी बसून तासभर बोलायची. जहाजावरचा स्वयंपाकी भाजीत साखर घालतो इथपासून रोहितच्या कोणत्या मित्राचं लग्न मोडलं इथपर्यंत. अण्णा शेजारी पेपर धरून बसायचे आणि तेवढ्या वेळात पेपरचं पान काही उलटायचं नाही. पोराला काय खुपतंय, काय हवंय, हे त्यांना असं बाजूनं कळायचं. त्यात त्यांना काही कमी पडतंय असं वाटतही नव्हतं.

मंगल गेली ती अगदी थोड्या दुखण्यानं. ती आजारी पडल्याचं कळलं तेव्हा रोहितचं जहाज भर समुद्रात होतं. बंदर गाठून, विमानं बदलत तो आला तोवर रामकुंडावरचा दहावासुद्धा उरकला होता. तेराव्याला बाप-लेक शेजारी-शेजारी बसले, आलेल्यांना पाणी दिलं, आणि एकमेकांशी कामापुरतं बोलले. महिन्याभरानं रोहित पुन्हा जहाजावर गेला.

त्यानंतरचे फोन म्हणजे शिक्षा होती. ‘जेवला का?’ ‘जेवलो. तुम्ही?’ ‘जेवलो.’ आणि मग फोन पुढं द्यायला कुणी नाही. एकदा तर अण्णांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “थांब, आईला—” आणि वाक्य तिथंच अडकलं. पलीकडं रोहित गप्प. अलीकडं अण्णा गप्प. बऱ्याच वेळानं रोहित म्हणाला, “ठेवतो, अण्णा.” त्या दिवसानंतर रविवार जवळ आला की अण्णांना पोराचा फोन यावा असंही वाटायचं आणि येऊ नये असंही.

हे असंच चालू राहिलं असतं तर वर्ष-दोन वर्षांत फोन बंद पडले असते, यात मला तरी शंका नाही. पण एका रविवारी ती ठरलेली जेवणं विचारून झाली, पुढची शांतता सुरू झाली, आणि ती सोसवेना म्हणून रोहित काहीतरी बोलून गेला.

“अण्णा, आज डॉल्फिन दिसले.”

“कुठं?”

“दक्षिण अमेरिकेच्या पार खालच्या टोकाला. छोटे, काळे-पांढरे. आमचा कॅप्टन म्हणाला, हे इथंच राहतात. आणखी एका लांबच्या बेटापाशी थोडे आहेत, बाकी जगात कुठं नाहीत.”

अण्णा खुर्चीत सावरून बसले. “म्हंजे सगळे डॉल्फिन सगळीकडं नसतात?”

“नाही ना. काही जाती सगळ्या समुद्रांत फिरतात. काही एकच किनारा धरून जन्म काढतात. कुणाला थंड पाणी लागतं, कुणाला गरम. कुणी नदीतसुद्धा राहतात.”

“आस्सं,” अण्णा म्हणाले. “मग हे काळे-पांढरे त्या टोकाला चढतात, ते उतरतात कुठं?”

पलीकडं रोहित हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, आणि हसता हसता म्हणाला, “अण्णा, त्यांच्याकडं तिकीट नसतं हो.”

दुसऱ्या दिवशी अण्णा शालिमारच्या बाजारात गेले आणि जगाचा नकाशा घेऊन आले. तो त्यांनी बाहेरच्या खोलीत कॅलेंडर काढून लावला. आता त्यावर खूण कशानं करायची? पेनानं नकाशा खराब होतो. कपाटात मंगलच्या टिकल्यांची पाकिटं होती, तिनं येवल्याच्या बाजारातून एकदम घेऊन ठेवलेली, अर्धी न उघडलेली. ती फेकवतही नव्हती आणि ठेवून काय करायचं तेही कळत नव्हतं. अण्णांनी एक मरून रंगाची टिकली काढली आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला चिकटवली. ती तिथं शोभून दिसली.

वरच्या मजल्यावर तेजल राहायची, शेजाऱ्यांची सून, शिकवणीचे वर्ग घेणारी. तिला अण्णांनी कामाला लावलं. ती फोनवर वाचायची आणि अण्णा टिकली हातात घेऊन उभे. गोल पंखाचा, सगळ्यांत लहान जातींतला एक, तो फक्त न्यूझीलंडच्या किनाऱ्याला. बसक्या डोक्याचा, चोच नसलेला, तो आपल्या चिल्का सरोवरापासून पार म्यानमारच्या नद्यांपर्यंत. गुलाबी रंगाचा ॲमेझॉनच्या नदीत. पांढऱ्या चोचीचा उत्तरेकडं, युरोपच्या वरच्या गारठ्यात. परदेशी नावं अण्णांच्या जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी आपली नावं पाडली. पाठीवर उंचवटा असलेला, आपल्या कोकणच्या किनाऱ्यापासून आफ्रिकेपर्यंत काठाकाठानं राहणारा, तो ‘वशिंडवाला’. अंटार्क्टिकाजवळच्या बर्फाळ पाण्यातला, अंगावर डमरूसारखा पांढरा पट्टा असलेला, तो ‘डमरू’. बाटलीसारख्या तोंडाचा जवळजवळ सगळ्या समुद्रांत सापडतो म्हणून तो ‘पासवाला’. आणि ज्याला लोक किलर व्हेल म्हणतात तोसुद्धा डॉल्फिनच्याच घराण्यातला आणि सगळ्यांत थोरला, असं तेजलनं वाचून दाखवल्यावर अण्णांनी क्षणभर विचार केला आणि त्याचं नाव ‘चेकर’ ठेवलं. कारण तो गाडीत चढला की बाकीच्यांची तोंडं बंद.

एकदा गंगेतल्या डॉल्फिनची टिकली त्यांनी बिनदिक्कत नाशिकवर लावली. गोदावरीला गंगा म्हणणारा माणूस दुसरीकडं कुठं लावणार? तेजलनं पोट धरून हसत ती उचलून बिहारात नेली. अण्णा म्हणाले, “तरीच म्हटलं, रामकुंडावर एवढी वर्षं गेलो, एक दिसला नाय.”

फोनचं रूप पालटलं. आता अण्णा फोन उचलतानाच विचारायचे, “आज कोण चढलं?” रोहित पहाऱ्यावर असताना डोळे फाडून बघायला लागला. त्याच्या बरोबरचे खलाशी त्याला हाका मारून सांगायचे. अण्णांना जहाज कुठल्या बंदरातून निघालं हे कधीच लक्षात राहिलं नाही, पण ‘पांढऱ्या चोचीचे दिसले’ म्हटलं की ते सांगायचे, “युरोपच्या वर हायेस. कानटोपी घाल.” आणि रोहितला तिकडं, हजारो कोसांवर, खरोखरच कानटोपी घालावीशी वाटायची.

पण खरं सांगायचं तर ते डॉल्फिनच्या आडून बोलत होते. रोहितला रात्री झोप लागते का, त्याला परत यावंसं वाटतं का, मंगलची आठवण आली की तो काय करतो, यातलं अण्णांनी काही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दोघांनाही वाटायचं, हे एवढं चाललंय तेही मोडून बसायचं.

मग टीव्हीवर तांबड्या समुद्राच्या बातम्या सुरू झाल्या. जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती, ड्रोन येऊन आदळत होते. पेटलेल्या जहाजाचं एक चित्र तर दिवसभर दाखवत होते. अण्णांनी नकाशात तांबडा समुद्र शोधला. अरबस्तान आणि आफ्रिका यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी त्यांच्या एका बोटाखाली झाकून गेली. तिथून निसटायला जागाच नव्हती. रोहितचं जहाज युरोपला निघणार होतं.

“अण्णा, काही काळजी करू नका,” रोहित म्हणाला. “आम्ही तिकडून जातच नाही. सगळी जहाजं आता आफ्रिकेला वळसा घालून जातात. लांब पडतं, पण सुरक्षित.”

अण्णांचा जीव भांड्यात पडला. आफ्रिकेचा पूर्ण वळसा म्हणजे किती नवे थांबे! त्यांनी तेजलला बसवून तो सगळा किनारा वाचून घेतला. तिनं सांगितलं, आफ्रिकेचं दक्षिण टोक वळून वर जायला लागलं की नकाशात आफ्रिकेच्या डाव्या अंगाला थंड पाण्याचा मोठा प्रवाह आहे. तिथं एक छोटा, तिकोनी पंखाचा डॉल्फिन राहतो, तो जगात फक्त त्याच किनाऱ्यावर. शिवाय करड्या अंगाचे, उड्या मारणारे दुसरे. “म्हंजे स्वेटरवाले पॅसेंजर,” अण्णा म्हणाले आणि दोन टिकल्या तयार ठेवल्या.

पण रोहितकडून या वेळी खबर काही येईना. कधी म्हणायचा धुकं आहे, कधी म्हणायचा माझी पाळी नव्हती. एका फोनवर म्हणाला, “टोक मागं पडलं, अण्णा. आता वर निघालो. थंडी आहे बऱ्यापैकी.” आवाज जरा ओढल्यासारखा. अण्णांना वाटलं, दमला असेल.

दोनच दिवसांनी, रविवार नसताना, सकाळी फोन आला. जेवायची वेळ नव्हती, म्हणून अण्णांनी सरळ विचारलं, “कोण चढलं?”

“अण्णा,” रोहित म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम मोकळा, लहानपणचा होता, “असे कधी बघितले नव्हते. शंभर तरी असतील. पाण्यातून सरळ वर उडी घेतात आणि हवेत स्वतःभोवती गरागरा फिरतात. एक थांबला की दुसरा. मी किती वेळ बघत बसलो. तुम्हाला व्हिडिओ टाकलाय.”

“भिंगरी!” अण्णा ओरडलेच. फिरणाऱ्या डॉल्फिनचं नाव त्यांनी कधीच ठेवून दिलं होतं, फक्त रोहितला ते अजून भेटले नव्हते. दोघं बराच वेळ भिंगऱ्यांबद्दल बोलले. फोन ठेवल्यावर अण्णांनी व्हिडिओ तीनदा बघितला, पाकिटातून चकचकीत लाल टिकली काढली, आणि आफ्रिकेच्या डाव्या किनाऱ्यावर ती लावायला हात उचलला.

हात तिथंच राहिला.

आत कुठंतरी त्यांना ते जाणवलं होतं, जसं नामपूरच्या गाडीत पिंपळगावला कुणी ‘जागा शे का भो?’ म्हणत चढलं असतं तर जाणवलं असतं. भिंगरी गरम पाण्याची. तिथं पाणी थंड. हा प्रवासी या थांब्यावरचा नाही. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. डॉल्फिनकडं न बघता या वेळी त्यांनी कडेला बघितलं. कठड्याला टेकून एक खलाशी उभा होता, नुसत्या बनियनवर, मानेला टॉवेल, आणि तोंडावर घाम.

अण्णा जिना चढून वर गेले. तेजल पोळ्या लाटत होती. तिनं हात पुसून फोन घेतला, वाचलं, आणि म्हणाली, “त्या थंड प्रवाहात सहसा नसतात हे, अण्णा. यांना गरम पाणीच लागतं.”

“आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी?”

तेजलनं बघितलं. तिला उत्तर द्यायला उगाच वेळ लागला. “तिथं भरपूर आहेत,” ती म्हणाली. मग घाईघाईनं म्हणाली, “पण अण्णा, प्राणीच आहेत ते, एखादा कळप भरकटतो पण.”

अण्णांनी मान हलवली. तिचं मन मोडायचं नव्हतं. शंभर जण एकदम भरकटत नाहीत हे त्यांना कळत होतं.

खाली येऊन ते नकाशासमोर बसले. पोरगं आफ्रिकेच्या टोकाला गेलंच नव्हतं. इतके दिवस ते त्या चिंचोळ्या पट्टीच्या तोंडाशी ताटकळत होतं आणि आता आत शिरणार होतं. आपल्याला घोर नको म्हणून त्यानं एवढी मोठी आफ्रिका रचून सांगितली होती. धुकं, थंडी, सगळं. त्याच्यावर रागवायचं का त्याला जवळ घ्यायचं, हे अण्णांना कळेना, आणि दोन्ही करता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी रावजी आला. निवृत्त झाल्यापासून सिन्नरहून तो अधूनमधून चहाला यायचा. अण्णांनी त्याला सगळं सांगितलं. रावजीनं नकाशा बघितला, कपाळावर हात मारला, आणि विचारलं, “मग तू त्याला बोलला का, मला समजलंय म्हणून?”

“नाय. आणि बोलणार बी नाय,” अण्णा म्हणाले. “घाटात गाडी असताना चालकाशी बोलू नये. आपल्या गाडीतच पाटी होती. पोराचं लक्ष कामावर पाहिजे. बाप घाबरलाय हे त्याच्या डोक्यात कशाला?”

रावजीनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि बशी तशीच खाली ठेवली.

“नाथा, ती पाटी पॅसेंजरला असती. कंडक्टरला कवा होती?”

अण्णा नकाशाकडं बघायला लागले.

“भावडबारीच्या घाटात धुकं असलं की तू काय करायचा? पैशाची बॅग गुंडाळून माझ्या शेजारी बोनेटवर येऊन बसायचा आणि तोंड चालू. काय बोलायचा ते मला एक अक्षर आठवत नाय. पन तू एक दिवस गप बसला असता ना, तर मला लय भ्या वाटलं असतं. मी म्हटलं असतं, नाथाला बी काय दिसंना झालंय.”

रावजी गेल्यावर अण्णा बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मुलाला आपण होऊन फोन लावायची त्यांना सवय नव्हती. फोन नेहमी तिकडून यायचा. शेवटी त्यांनी लावला. खूप वेळ वाजला, आणि रोहितनं उचलला.

“काय झालं, अण्णा? बरं आहे ना?”

“मी बरा हाय,” अण्णा म्हणाले. “रोहित, भिंगरी त्या किनाऱ्याला नसती. तिथं पाणी थंड.”

पलीकडून नुसता जहाजाच्या इंजिनाचा घरघराट आला.

“तू तांबड्या समुद्राच्या तोंडाशी हायेस,” अण्णा म्हणाले. “मी रागवायला नाय केला फोन.”

“उद्या आत जाणार,” रोहित म्हणाला, फार हळू. “बंदरातून निघता निघता ठरलं. नाही म्हणायची मुभा होती, दोघं उतरले पण. मी राहिलो, का राहिलो ते आता कळत नाही. दीड-दोन दिवसांचा धोक्याचा पट्टा आहे. फोन, नेट सगळं बंद ठेवणार. तुम्हाला सांगून काय उपयोग होता? तुम्ही तिथं एकटे.”

“घाबरलायस का?”

असा प्रश्न अण्णांनी त्याला जन्मात विचारला नव्हता. शाळेत पडला तेव्हा नाही, पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा नाही. ते खातं मंगलचं होतं.

“हो,” रोहित म्हणाला. आणि ते एकदा बोलून झाल्यावर त्याला थांबवेना. “खूप घाबरलोय, अण्णा. काल रात्रभर लाइफ जॅकेट घालून बसलो होतो. कुणाला दिसू नये म्हणून दार लावून.”

“मी बी घाबरलोय,” अण्णा म्हणाले. “आई असती तर तिला सांगितलं असतंस?”

“पहिलं तिलाच.”

“मग मला का नाय?”

“मला तुमच्याशी कसं बोलायचं ते माहीतच नाही, अण्णा.”

हे अण्णांना लागलं. पण लागलं तरी ते खरं होतं, आणि मागं वळून भांडण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, “मला तरी कुठं येतंय? पन फोन ठेवू नको. पाळी कवा हाय तुझी?”

“संध्याकाळी.”

“मग तोवर बोल. नायतर मी बोलतो.” आणि ते बोलायला लागले. रावजीचा चहा, तेजलच्या वर्गातली वाह्यात पोरं, हिरावाडीत खणून ठेवलेला रस्ता, गॅस संपला तेव्हा उडालेली तारांबळ. बोनेटवर बसून बोलावं तसं, थांबा न घेता. मध्येच रोहित हुंकार द्यायचा, मध्येच काही विचारायचा. एकदा नाक ओढल्याचा आवाज आला, तेव्हा अण्णांनी ऐकलंच नाही असं केलं आणि रस्त्याचं गाऱ्हाणं आणखी लांबवलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते अण्णांना विचारू नये. टीव्ही त्यांनी लावला नाही. तेजल दोन्ही वेळचं ताट आणून द्यायची आणि बरंचसं परत न्यायची. नवऱ्याला ऑफिसला पाठवलं की ती खाली येऊन उगीच वह्या तपासत बसायची, बोलायची नाही. ती लाल टिकली कुठंच लावली गेली नव्हती. अण्णांच्या अंगठ्याला चिकटून होती, भांडी घासताना निघाली तेव्हा त्यांनी ती पुसून परत पाकिटात ठेवली. देवासमोर बसायची त्यांना सवय नव्हती. पण दिवा लावायला ते विसरले नाहीत, कारण मंगल लावायची.

फोन आला तेव्हा ते ओसरीत बसून मेथी निवडत होते. नाव बघून त्यांच्या हातून जुडी सुटली.

“आलो बाहेर, अण्णा,” रोहित म्हणाला. “सुएझच्या अलीकडं आलो. सगळे बरे आहोत.”

अण्णांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले. हाताला मातीचा वास येत होता. मग काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते म्हणाले, “कोण चढलं मग?”

“कुणीच नाही. बघितलंच नाही आज समुद्राकडं.”

“मग?”

“मग काही नाही. असाच केला फोन.”

अण्णा जिन्याच्या पायरीला टेकले. जेवला का, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. रोहितच म्हणाला, “काय करताय?”

“मेथी निवडतोय.”

थोडा वेळ दोघंही गप्प राहिले. पण ती जुनी शांतता नव्हती, कुणालाच फोन ठेवायची घाई नव्हती. मग रोहितनं विचारलं, “अण्णा, आई शेवटी काही बोलली होती का? मी कधी विचारलंच नाही तुम्हाला.”

“बोलली होती,” अण्णा म्हणाले. आजवर त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. “मला म्हणाली, रोहित कुठवर आलाय? मी काय सांगणार? मला ठाऊक नव्हतं तू कुठं हायेस. जहाज कुठं, बंदर कुठं, कायच ठाऊक नव्हतं.”

“मग?”

“मग मी म्हटलं, निघालाय. येतोय.”

रोहितचा श्वास ऐकू येत होता. “मी निघालोच होतो, अण्णा,” तो म्हणाला.

“म्हणूनच तर सांगितलं,” अण्णा म्हणाले. “ती बरं म्हणाली, आणि माझा हात धरून झोपली.”